औषधाची वाट : आतड्यापासून मेंदूपर्यंत

दुकानातून माल गाडीवर चढला म्हणजे तो परगावच्या गिऱ्हाइकास पोचलाच, असे आपल्या संघातील कोणताही अनुभवी व्यापारी समजणार नाही. वाटेत चढउतार असतो, तूट असते, गळती असते, आणि पूर्वी तर गावोगावी जकातीचे नाकेही असत. औषधाच्या बाबतीत मात्र आपली समजूत भाबडी असते. गोळी गिळली की गुण आलाच पाहिजे. न आला तर औषध हलके आणि फार बाधले तर औषध जहाल, एवढ्यावर आपला विचार थांबतो.

प्रस्तुत लेख लिहिताना सभासद बंधुभगिनींकडून नेहमी ऐकू येणारे तीन प्रश्न आम्ही डोळ्यांपुढे ठेवले आहेत. अमुक गोळी उपाशीपोटी आणि तमुक जेवणानंतर, असे का? पर्युषणातील उपवासात आणि एरव्हीच्या चौविहारात औषधाचे काय करावे? आणि सर्दीच्या एका गोळीने दिवसभर झापड येते, दुसरीने येत नाही, हे कसे? वरवर हे प्रश्न निरनिराळे दिसतात. परंतु तिन्हींचे उत्तर औषधाच्या रेणूच्या घडणीत आहे. रेणू केवढा, तेलात किती मिसळणारा, पाण्याला किती धरून राहणारा, आणि त्यावर विद्युत्भार आहे की नाही, या चार गोष्टींवर तो आतड्याची भिंत ओलांडील की नाही व पुढे मेंदूत शिरेल की नाही, हे पुष्कळ अंशी ठरते.

प्रथम आतड्याचा नाका पाहू. आतड्याचे अस्तर पेशींचे असते आणि प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध द्रव्याचा दुपदरी पापुद्रा असतो. त्याची जाडी एका मिलिमीटरच्या सुमारे दोन लाखाव्या भागाइतकी. या पापुद्र्याच्या अलीकडे पाणी, पलीकडेही पाणी, आणि मध्ये तेल, अशी ही रचना आहे. म्हणून रक्तात जावयाचे असेल तर औषधाला आधी आतड्यातील रसात विरघळावे लागते, मग तेलात शिरावे लागते, आणि शेवटी तेल सोडून पुन्हा पाण्यात उतरावे लागते. जो रेणू केवळ पाण्याचा सोबती तो अलीकडेच राहतो. जो केवळ तेलाचा, तो आधी विरघळतच नाही, आणि विरघळला तरी पापुद्र्यात रुतून बसतो.

ही गोष्ट प्रथम नीट ओळखली ती अर्नेस्ट ओव्हर्टन या शास्त्रज्ञाने. १८९० नंतरच्या दशकात झुरिच येथे त्याने शेकडो द्रव्ये वनस्पतींच्या व प्राण्यांच्या पेशींवर घालून पाहिली, आणि जे द्रव्य तेलात अधिक विरघळते ते पेशीत लवकर शिरते, असा नियम त्यास आढळला. त्याच सुमारास, १८९९ साली, मारबुर्ग येथील हान्स मायर याने भूल देणाऱ्या द्रव्यांचा असाच हिशेब मांडला. १९०१ साली ओव्हर्टननेही तोच निष्कर्ष स्वतंत्रपणे छापला. एका भांड्यात पाणी व ऑलिव्हचे तेल घ्यावयाचे, त्यात द्रव्य घालून खूप हलवावयाचे, आणि किती भाग तेलात गेला व किती पाण्यात राहिला हे मोजावयाचे, अशी ती साधी रीत. पुढे ऑलिव्ह तेलाची जागा ऑक्टेनॉल नावाच्या द्रवाने घेतली, आणि १९६० नंतर कॅलिफोर्नियातील कॉर्विन हान्श याने या मापास औषधशास्त्रात पक्के स्थान मिळवून दिले. आजही नवे औषध शोधताना हे माप प्रथम घेतात.

विद्युत्भाराची गोष्ट यास जोडूनच येते. पुष्कळशी औषधे ही सौम्य आम्ले किंवा सौम्य अल्के असतात. आसपासच्या रसाच्या आंबटपणानुसार त्यांच्यावर भार येतो व जातो. भार आला की रेणू पाण्याला घट्ट चिकटतो आणि तेलात शिरेनासा होतो. ॲस्पिरिन हे आम्ल असल्यामुळे जठराच्या तीव्र आंबट रसात ते बहुतेक भाररहित असते. त्यावरून ते जठरातच शोषले जात असेल असे वाटेल. वस्तुतः त्याचा मोठा भाग लहान आतड्यातच शोषला जातो. कारण जठराचे अस्तर आटोपशीर, तर आतड्याच्या आत घड्या, घड्यांवर लव आणि लवेवर आणखी बारीक लव. अलीकडच्या मोजणीप्रमाणे हे सर्व पसरले तर सुमारे तीस चौरस मीटर भरेल. एका मोठ्या दारापेक्षा लहान लहान हजार दारांतून माल अधिक निघतो, तसेच हे.

उरले दोन मुद्दे. पाण्याचे रेणू ज्या बारीक हायड्रोजन-बंधांनी एकमेकांस धरून असतात, त्याच बंधांनी ते औषधाच्या रेणूसही धरतात. तेलात शिरण्यापूर्वी यातला प्रत्येक बंध तोडावा लागतो. ज्याचे गावात सोयरे पुष्कळ, त्यास वेशीवरून निघावयास वेळ लागतो, हे आपण जाणतोच. आणि आकाराविषयी सांगावयाचे तर, रेणू जितका मोठा तितकी त्याला पापुद्र्यात अधिक जागा करून घ्यावी लागते.

या साऱ्याचा ठोकताळा अमेरिकेतील फायझर कंपनीचे ख्रिस्तोफर लिपिन्स्की यांनी १९९७ साली बांधून दिला. तोंडाने घ्यावयाच्या औषधाचा रेणुभार ५०० च्या आत असावा. ऑक्टेनॉलमधील प्रमाण पाण्यातील प्रमाणाच्या एक लाख पटीपेक्षा अधिक नसावे. बंधासाठी हायड्रोजन देणाऱ्या जागा ५ हून आणि घेणाऱ्या १० हून अधिक नसाव्यात. यांपैकी दोन अटी मोडल्या की औषध नीट शोषले जाण्याचा संभव कमी. सर्व आकडे पाचाच्या पटीत बसतात म्हणून यास ‘पाचाचा नियम’ म्हणतात. हा नियम ठोकताळाच आहे, कायदा नव्हे. त्यास अपवाद कसे पडतात हे पुढे दिसेल.

नियमात न बसणाऱ्यांचे एक परिचित उदाहरण स्ट्रेप्टोमायसिनचे. १९४३ साली सापडलेल्या या औषधाने क्षयाच्या उपचारास नवे वळण दिले. पण ते नेहमी सुईनेच द्यावे लागते. रेणुभार सुमारे ५८२, अंगावर धन विद्युत्भार, आणि पाण्याशी बंध करणाऱ्या जागांची तर दाटी. तोंडाने दिले तर ते आतड्यातून जवळजवळ जसेच्या तसे बाहेर पडते. इन्सुलिनची अडचण याहून मोठी. त्याचा रेणुभार ५,८०० च्या घरात, आणि ते प्रथिन असल्यामुळे डाळीतल्या प्रथिनाप्रमाणे पोटात पचूनच जाते. मधुमेही सभासदांस रोज टोचून घ्यावे लागते ते याचमुळे.

आता एक जोडी पाहू, कारण तिच्यात सगळे तत्त्व एकत्र दिसते. प्रोप्रानोलॉल आणि अटेनोलॉल ही हृदयाची गती व रक्तदाब आवरणारी दोन औषधे. काम एकाच तऱ्हेचे. तराजूत घातले तर दोन्ही रेणू जवळजवळ सारखे : पहिल्याचा भार २५९, दुसऱ्याचा २६६. परंतु पहिल्याच्या अंगी कार्बनची दोन कडी जोडलेली, म्हणून ते स्नेहप्रिय. दुसऱ्याच्या टोकाला पाण्याशी बंध करणारा गट, म्हणून ते जलप्रिय. रक्ताच्या आम्लतेवर मोजले असता प्रोप्रानोलॉल ऑक्टेनॉलमध्ये पाण्याच्या सुमारे वीस पट जाते. अटेनोलॉल शंभरांत दोन भागांइतकेही जात नाही. परिणाम असा की प्रोप्रानोलॉल आतड्यातून जवळजवळ सगळे शोषले जाते, तर अटेनोलॉल सुमारे निम्मेच.

येथे वाचकांस वाटेल की पहिलेच औषध श्रेष्ठ. पण आतड्यातून निघालेले रक्त थेट हृदयाकडे न जाता आधी यकृतात जाते, आणि यकृत हे फार कडक तपासनीस आहे. स्नेहप्रिय द्रव्य मोडून त्याचे जलप्रिय करणे व मूत्रावाटे बाहेर घालवणे हा त्याचा धंदाच. प्रोप्रानोलॉलचा सुमारे चौथा हिस्साच या तपासणीतून सुटून पुढे जातो. अटेनोलॉलला यकृत फारसा हात लावीत नाही. ते मूत्रपिंडांवाटे जसेच्या तसे निघते. म्हणून यकृत बिघडलेल्या माणसास पहिल्याचा हिशेब बदलावा लागतो, आणि मूत्रपिंड थकलेल्यास दुसऱ्याचा. शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी त्याच मात्रेत स्वतः घेऊन पाहण्याची सवय आपल्याकडे अजून आहे. तिचा धोका या एका जोडीवरून ध्यानात यावा.

आता उपवासाच्या प्रश्नाकडे वळू. अन्नाचा औषधाशी संबंध एकाच प्रकारचा नसतो. स्नेहप्रिय आणि पाण्यात न विरघळणारी औषधे तुपातेलाच्या जेवणाबरोबर चांगली शोषली जातात, कारण स्निग्ध अन्नामुळे पित्त सुटते आणि पित्तात ती विरघळतात. अल्बेंडेझोल हे याचे ठळक उदाहरण. मेंदूतील जंतांच्या गाठींवर ते देतात तेव्हा स्निग्ध जेवणासह घेतल्यास रक्तातील प्रमाण उपाशीपोटी घेतल्याच्या पाचपटीपर्यंत वाढू शकते. ते कोरड्या पोटी घेणे म्हणजे औषधाचा बराचसा भाग फुकट घालवणे होय. याच्या उलट थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन गोळी. ती सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घेऊन अर्धा ते एक तास चहा-दूध टाळावयाचे असते, आणि लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळीत व तिच्यात चार तासांचे अंतर ठेवावयाचे असते. टेट्रासायक्लीन व सिप्रोफ्लॉक्सासिन यांची दुधातील कॅल्शियमशी अशी गाठ बसते की तो जोडरेणू पापुद्रा ओलांडू शकत नाही. दुधाबरोबर औषध गरम पडत नाही, या समजुतीने ही औषधे दुधाच्या पेल्यासह देणारी घरे पुष्कळ आहेत. त्यांनी हे जरूर पाहावे.

चौविहार पाळणाऱ्यांची अडचण मुख्यतः वेळेची. भाद्रपदाच्या सुमारास आपल्या भागात सूर्यास्त सायंकाळी पावणेसातच्या आसपास आणि सूर्योदय सव्वासहाच्या सुमारास होतो. त्यात नवकारसीची अठ्ठेचाळीस मिनिटे धरली तर रात्रीचे अंतर साडेबारा तासांच्या आतबाहेर पडते. म्हणजे दिवसातून एकदा किंवा दोनदा घ्यावयाचे औषध या नियमात सहज बसते. तीनदा वा चारदा घ्यावयाचे मात्र बसत नाही. अशा वेळी डोस गाळण्यापेक्षा, सावकाश विरघळणारी म्हणजे ‘एस. आर.’ प्रकारची गोळी चालेल काय, हे डॉक्टरांस विचारावे. अशी गोळी चावू वा कुटू नये. कुटली तर बारा तासांचा माल एकदम बाजारात उतरल्यासारखे होते.

पण मधुमेहाच्या काही गोळ्यांविषयी आम्हांस विशेष चिंता वाटते. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड यांसारख्या गोळ्या उपवासातही शोषल्या जातातच, आणि अन्न नसताना रक्तातील साखर खाली ओढतात. मेंदू हा प्रायः साखरेवरच चालणारा अवयव असल्यामुळे प्रथम घाम व कंप, नंतर भ्रम आणि शेवटी बेशुद्धी, असा क्रम होतो. उपवास धरण्यापूर्वी मात्रेविषयी डॉक्टरांशी बोलणे येथे अत्यावश्यक आहे.

जाता जाता कॅप्सूलविषयी. तिचे कवच बहुधा जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेल्या जिलेटिनचे असते, म्हणून आपल्यातील कित्येकजण कॅप्सूल फोडून आतील पूड साखरेच्या पाण्यात घेतात. भावना समजण्याजोगी आहे. परंतु ओमेप्राझोलसारख्या औषधाचा रेणू जठराच्या आम्लात नष्ट होतो. त्याच्या दाण्यांवर म्हणूनच आम्लास दाद न देणारे लेपन असते. दाणे चावले किंवा कुटले की ते लेपन मोडते आणि औषध वाया जाते. वनस्पतिजन्य कवचाच्या कॅप्सूल हल्ली निघतात. त्या मागवून घेणे हा सरळ मार्ग. आपल्यात औषधविक्रेते थोडे नाहीत, त्यांनी त्या दुकानी ठेवाव्यात.

असो. आतडे व यकृत ओलांडून औषध रक्तात आले, तरी मेंदूपाशी दुसरा नाका आहे, आणि तो पहिल्याहून पुष्कळ कडक आहे. १८८५ साली पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडले, तेव्हा सर्व अवयव रंगले पण मेंदू पांढराच राहिला. मेंदूस त्या रंगाची ओढ नसावी, असा त्यांचा तर्क होता. त्यांचेच शिष्य एडविन गोल्डमान यांनी १९१३ साली तो खोडून काढला : रंग मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला, तर मेंदू रंगला आणि उरलेले शरीर कोरे राहिले. मध्ये काही भिंत आहे हे तेव्हाच उघड झाले. ती कोठे आहे हे मात्र १९६७ साली कळले. हार्वर्ड येथे रीस व कार्नोव्हस्की यांनी विद्युत्सूक्ष्मदर्शकाखाली दाखविले की मेंदूतील केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींस अशा घट्ट जोडलेल्या असतात की त्यांच्यामधून काही निसटू शकत नाही. शरीरात इतरत्र या पेशींमध्ये फटी असतात; येथे सांधे बुजविलेले. मेंदूतील या केशवाहिन्यांची एकंदर लांबी सुमारे सहाशे किलोमीटर, म्हणजे मुंबईहून इंदुरास जाण्याइतकी आहे; आणि एवढ्या लांबीत भिंत बहुतेक सर्वत्र अखंड. यास रक्त-मेंदू-अडसर म्हणू.

या अडसराचे प्रयोजन स्पष्ट आहे. प्रत्येक जेवणानंतर रक्तातील क्षार व आम्ले वरखाली होतात. ती मेंदूत थेट शिरली असती तर जेवणागणिक विचारशक्ती डळमळली असती. पण जो अडसर विषास थोपवितो तोच औषधासही थोपवितो. येथे पाचाचा नियम ढिला पडतो आणि अधिक काटेकोर माप लागते. रेणुभार साधारणपणे ४०० ते ४५० च्या आत हवा. रेणूच्या पृष्ठभागापैकी पाण्याशी बंध करणारा हिस्सा आतड्यासाठी १४० चौरस अँगस्ट्रॉमपर्यंत चालतो, तर मेंदूसाठी तो ९० च्या आत असावा लागतो. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोट्यंश. मघाची जोडी येथे पुन्हा आठवावी : प्रोप्रानोलॉल मेंदूत सहज शिरते, म्हणून ते घेणाऱ्या कित्येकांस विचित्र स्वप्ने पडतात, अटेनोलॉल बहुतांशी बाहेरच राहते.

हा भेद एकेकाळी जीवन-मरणाचा होता. मेंदूच्या आवरणाचा क्षय हा मुलांना हमखास नेणारा रोग. स्ट्रेप्टोमायसिन आले तरी ते अडसर नीट ओलांडीना. म्हणून १९४० नंतरच्या दशकात बालकांच्या पाठीच्या कण्यात वारंवार सुई खुपसून ते मेंदूच्या पाण्यात घालावे लागे. १९५२ साली आयसोनियाझिड वापरात आले. त्याचा रेणुभार अवघा १३७, अंगावर भार नाही. गोळीने घेतलेले हे औषध मेंदूच्या पाण्यात रक्तातल्या प्रमाणाच्या जवळपास पोचते. कण्यातल्या सुयांची गरज त्यामुळे पुष्कळच ओसरली. औषधाची ताकद किती यापेक्षा ते पोचते की नाही, हे केवढे महत्त्वाचे असते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

पोचण्याची ही सहजता घातकही ठरते. माळव्यातील सभासदांस सांगावयास नको की एकोणिसाव्या शतकात इंदूर-उज्जैनच्या पेढ्यांवर अफूचा व्यापार केवढा मोठा होता आणि तो माल मुंबईवाटे चीनला कसा जाई. अफूतील मुख्य द्रव्य मॉर्फीन. त्याच्या रेणूवर पाण्याशी बंध करणारे दोन गट असतात. ते दोन्ही झाकले की हेरॉइन तयार होते. जर्मनीतील बायर कंपनीने ते १८९८ साली खोकल्याचे औषध म्हणून विक्रीस आणले होते! १९७२ साली ओल्डेनडॉर्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर मोजून पाहिले. एका फेरीत मॉर्फीन मेंदूत शंभरांत दोन भागांइतकेही गेले नाही; कोडीन चोवीस गेले; आणि हेरॉइन अडुसष्ट. आत गेल्यावर हेरॉइनची झाकणे गळून पुन्हा मॉर्फीनच तयार होते. द्रव्य तेच, फक्त नाक्यावरून निसटण्याचा वेष बदललेला, आणि तेवढ्याने कितीतरी घरे उद्ध्वस्त झाली.

येथवर तेल आणि पाणी यांचाच हिशेब झाला. परंतु मेंदूस लागणारी साखर जलप्रिय असूनही आत जाते, ती कशी? तर तिच्यासाठी अडसराच्या पेशींत वाहक-प्रथिने ठेवलेली आहेत. परवाना असलेल्यास ती हाताला धरून पलीकडे नेतात. कंपवाताच्या उपचारात याच परवान्याचा उपयोग केला जातो. या रोगात मेंदूतील डोपामीन कमी पडते. डोपामीन रक्तात घातले तर ते अडसर ओलांडीत नाही. पण त्याचे पूर्वरूप लेव्होडोपा हे अन्नातील अमिनो-आम्लांच्या जातीचे आहे. अमिनो-आम्लांचा वाहक त्यास आपलेच समजून आत नेतो, आणि आत त्याचे डोपामीन होते. १९६७ साली जॉर्ज कॉट्झियस यांनी मोठ्या मात्रेने रुग्ण सुधारतात हे दाखविले. वाटेतच त्याचे डोपामीन होऊन जाऊ नये म्हणून सोबत कार्बिडोपा देतात.

आपल्यातील काष्ठौषधीच्या व्यापाऱ्यांस हे लेव्होडोपा परके नाही. खाजकुयलीच्या बियांत, ज्या बाजारात कवचबीज वा कौंचबीज म्हणून विकल्या जातात, त्यांत ते शंभरांत सुमारे पाच भाग असते. १९३७ साली दामोदरन व रामस्वामी यांनी ते या बियांतून वेगळे काढले. तथापि बीजपुडीतील प्रमाण बीगणिक बदलते. डॉक्टरांच्या गोळीच्या जागी ती घेणे अथवा गोळीसोबत गुपचूप घेणे धोक्याचे. आणखी एक बाब घरातील स्त्रियांनी ध्यानात घ्यावी. वाहकांची संख्या मर्यादित असते, म्हणून डाळ, दूध, पनीर यांचे भरपूर जेवण लेव्होडोपाच्या गोळीबरोबरच झाले, तर अन्नातील अमिनो-आम्ले वाहक अडवून धरतात आणि गोळी लागू पडत नाही. कंपवाताच्या वृद्धास गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी दिल्याने दुपार बरी जाते, असा अनुभव पुष्कळांस येतो.

जसे आत नेणारे वाहक तसेच बाहेर हाकलणारेही. पी-ग्लायकोप्रोटीन नावाचे प्रथिन अडसराच्या पेशींत पहाऱ्यास असते. नको असलेला रेणू पापुद्र्यात शिरताच ते त्यास उलट रक्तात लोटते. त्याचे महत्त्व १९९४ साली ॲम्स्टरडॅम येथे एका अपघाताने कळले. ज्या उंदरांत हे प्रथिन मुद्दाम नाहीसे केले होते, त्यांच्या अंगावरील कीड मारण्यास आयव्हरमेक्टिन फवारले, आणि इतर उंदरांस काही न होता हे उंदीर मात्र मेले. जिवांवरील असले प्रयोग आपल्या वाचकांस क्लेश देतील हे आम्ही जाणतो. पण मानवाच्या मेंदूचे रक्षण कोण करते हे ज्ञान त्यांतून मिळाले, हे नमूद करणे भाग आहे. जुलाबावरील लोपेरामाइड हे अफूच्याच कुळातले, आणि स्नेहप्रियही. तेल-पाण्याच्या हिशेबाने ते मेंदूत शिरावयास हवे. पण हा पहारेकरी त्यास परत लोटतो, म्हणून नेहमीच्या मात्रेत ते आतड्यावरच काम करते. दोन वर्षांखालील मुलास मात्र ते कधीही देऊ नये.

आता शेवटचा प्रश्न, सर्दीच्या गोळीचा. क्लोरफेनिरामाइन हे जुने औषध अजूनही सर्दीच्या कितीतरी मिश्र गोळ्यांत व खोकल्याच्या औषधांत असते. त्याचा रेणुभार २७५; लहान, स्नेहप्रिय, आणि पहारेकऱ्याच्या तावडीत न सापडणारे. मेंदूत जागेपण राखणारे हिस्टामीन ज्या स्थानांवर काम करते, ती स्थाने ते अडवून बसते. जपानमध्ये झालेल्या किरणचित्रणात नेहमीच्या मात्रेनेही अशी निम्म्याहून अधिक स्थाने व्यापलेली दिसली. पुढच्या पिढीतील सेटिरिझीनच्या रेणूवर धन व ऋण दोन्ही भार असतात, त्यामुळे ते पुष्कळ कमी शिरते. तरी काहींस झापड येतेच. फेक्सोफेनाडीन हे त्याहून पुढचे. भार ५०२, दोन्ही विद्युत्भार, आणि वर पहारेकऱ्याची नजर. मेंदूत ते जवळजवळ पोचतच नाही. मात्र आतड्यातून आत येण्यास त्यास एका वाहकाचे साहाय्य लागते आणि फळांचा रस त्या वाहकास अडवितो. म्हणून संत्र्याच्या वा सफरचंदाच्या रसाबरोबर घेतलेली ही गोळी अर्धीमुर्धी वाया जाते. ती साध्या पाण्याबरोबर घ्यावी.

ज्यास रात्री माल घेऊन घाटातून गाडी हाकावयाची आहे किंवा गल्ल्यावर बसून रोख मोजावयाची आहे, त्याने सर्दीच्या गोळीच्या वेष्टनावर क्लोरफेनिरामाइनचे नाव आहे काय ते वाचावे. झोप येत नसली तरी हात मंदावलेले असतातच. साठीपुढील माणसांत हेच औषध भ्रम, तोल जाणे आणि लघवी अडणे यांस कारण होते. घरातील आजोबा सर्दीपासून ‘जरा विसरभोळे’ झाले असे वाटले, तर वयास बोल लावण्याआधी त्यांच्या उशाशी असलेली बाटली पाहावी. लहान मुलांच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये भारताच्या औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामाइन व फेनिलएफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील बालकांस देऊ नये, अशी सूचना वेष्टनावर छापण्याचा आदेश काढला आहे. दुकानात जुना साठा शिल्लक असल्यास औषधविक्रेत्या सभासदांनी त्यावर ती सूचना आहे की नाही हे तपासून घ्यावे.